निरीश्वरवादी टीकाकार आणि आपण
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल दिवशीं परमेश्वराचे उपकार आठवावे, ज्यांनीं हा धर्मग्राम उभारला त्यांचें ऋण मानावें, आणि पुढच्या वाटेचा विचार करावा, अशी आपली चाल आहे. पहिलीं दोन कर्तव्यें इतर वक्त्यांनीं उत्तम रीतीनें पार पाडलीं आहेत. तिसरें माझ्या वाट्यास आलें आहे, आणि त्यासाठीं मी जो विषय निवडला तो उत्सवाच्या दिवशीं कदाचित् कोणास विचित्र वाटेल. तो विषय असा: देव नाहीं असें मानणारा मनुष्य जेव्हां आपल्या धर्मावर टीका करतो, तेव्हां ख्रिस्ती मनुष्यानें त्यास कसें उत्तर द्यावें?

हा प्रश्न येथें विशेष निकडीचा आहे. आपलें शहर नवें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, आणि खाडीच्या या काठीं, आगरी-कोळ्यांच्या जुन्या गांवांच्या आसपास, आखून घेतलेल्या नकाशाप्रमाणें वसाहती उभ्या राहिल्या. आपण येथें वसईहून आलों, कोंकणांतून आलों, गोव्याहून व घाटावरून आलों. ज्या आळींत पिढ्यान् पिढ्या सारींच घरें ख्रिस्ती, तेथें 'तुम्ही देव कां मानतां?' असें विचारणारा सहसा भेटत नसे. येथें तो शेजारच्या दारीं राहतो, कचेरींत आपल्या बाजूस बसतो, महाविद्यालयांत आपल्या मुलांस शिकवितो. आणि कित्येकदां तो आपल्याच घरांत, आपल्याच पोटचा असतो.

उत्तर काय द्यावें यावर ग्रंथ पुष्कळ आहेत. तें कसें द्यावें याचा विचार मात्र थोडा होतो. संत पेत्रानें आपल्या पहिल्या पत्रांत, आपल्या आशेचें कारण विचारणाऱ्या प्रत्येकास उत्तर देण्यास सिद्ध असावें अशी आज्ञा केली. आणि तें उत्तर सौम्यतेनें व आदरानें द्यावें, अशी जोडहि लगेच दिली. आज्ञेचा पहिला भाग आपण आवडीनें सांगतों. दुसरा सांगतांना आवाज बारीक होतो. 'नास्तिक' हा शब्द आपल्या बोलण्यांत शिवीसारखा येतो. म्हणून आज मी शक्यतों 'निरीश्वरवादी' असें म्हणेन. ज्यास उत्तर द्यावयाचें त्याचें नांव तरी नीट घेतलें पाहिजे.

आणखी एक कारण आहे. 'निरीश्वरवादी' ही शिवी एके काळीं आपल्याच पूर्वजांनीं खाल्ली आहे. रोमी साम्राज्यांत देवतांच्या मूर्तींपुढें धूप जाळण्यास ख्रिस्ती लोक नकार देत, म्हणून त्यांस देव न मानणारे असें म्हणत. दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्तिन यांनीं रोमच्या बादशहास उद्देशून जें समर्थन लिहिलें, त्यांत या आरोपास उत्तर आहे, आणि त्या उत्तराची रीत पाहण्यासारखी आहे. जेवढें खरें होतें तेवढें त्यांनीं मोकळेपणीं कबूल केलें: त्या देवतांस आम्ही मानीत नाहीं, आणि जें खोटें होतें तें शांतपणें नाकारलें. संतापाचा आश्रय त्यांस घ्यावा लागला नाहीं.

पुढें तेराव्या शतकांत संत थॉमस अक्विनस यांनीं हीच रीत शास्त्राच्या पदवीस नेली. ईश्वर आहे काय, या प्रश्नाचा विचार करतांना त्यांनीं प्रथम 'नाहीं' म्हणणाऱ्याच्या दोन हरकती मांडल्या. पहिली अशी कीं, अनंत कल्याणमय ईश्वर असता तर जगांत वाईट उरलें नसतें. दुसरी अशी कीं, जगांतील सर्व घडामोडींचा उलगडा निसर्गानें व मनुष्याच्या बुद्धीनेंच होत असेल तर ईश्वर मानण्याचें प्रयोजन काय? साडेसातशें वर्षें लोटलीं, तरी याहून बळकट हरकत आजचा टीकाकार क्वचितच काढतो. आपल्याकडील जुने शास्त्री ज्यास पूर्वपक्ष म्हणत तो हाच. प्रतिपक्षाचें म्हणणें त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत आधीं मांडावें आणि मगच खंडणास हात घालावा, हा वादाचा धर्म होय. ज्यास पूर्वपक्ष मांडतां येत नाहीं, त्याच्या सिद्धान्तावर कोणी कां विश्वास ठेवावा?

आतां प्राचीन काळ सोडून खाडीपलीकडे, आपल्याच मुंबई धर्मप्रांतांत घडलेल्या एका प्रसंगाकडे वळूं. तो गोड नाहीं. परंतु महोत्सवांत केवळ गोड तेंच बोलावें असा नियम नाहीं.

मार्च २०१२ मध्यें विलेपार्ल्याच्या इर्ला भागांतील वेलंकनी माउलीच्या ख्रिस्तमंदिरापाशीं क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाण्याचे थेंब ठिबकूं लागले. लोक जमले, प्रार्थना झाल्या, कित्येकांनीं तें पाणी भक्तिभावानें भरून घरीं नेलें. सनल एडमरुकु या नांवाचे एक प्रसिद्ध बुद्धिवादी गृहस्थ तेथें जाऊन पाहणी करून आले. त्यांना असें आढळलें कीं, जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याच्या वाटेंतून पाणी भिंतींत मुरत होतें, आणि दिव्याची वात जसें तेल वर ओढते तसें तें भिंतींतून वर चढून मूर्तीच्या पायांशीं बाहेर पडत होतें. शास्त्रांत यास केशाकर्षण म्हणतात. इतकें सांगून ते थांबले नाहींत. दूरचित्रवाणीवरील चर्चेंत त्यांनीं धर्माधिकाऱ्यांवर पैशासाठीं चमत्कार पिकविल्याचा व विज्ञानाशीं वैर केल्याचा आरोपहि केला.

आपल्यांतील कांहीं कॅथलिक मंडळींनीं यास उत्तर दिलें तें पोलीस ठाण्यांत. तेव्हांच्या भारतीय दंडविधानाच्या २९५ अ या कलमाखालीं तक्रारी झाल्या. हें कलम १९२७ सालीं घातलें गेलें. जाणूनबुजून व द्वेषबुद्धीनें धार्मिक भावना दुखविणारास त्यांत तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेंत तेंच २९९ व्या कलमाच्या रूपानें आलें आहे. अटकेची शक्यता पाहून ते गृहस्थ त्याच वर्षीं फिनलंडास निघून गेले, आणि पुढें कित्येक वर्षें त्यांस स्वदेशीं परततां आलें नाहीं.

या प्रसंगाचा न्याय करतांना दोन्ही बाजूंस न्याय दिला पाहिजे. जी माउली तें पाणी घरीं घेऊन गेली तिचा भाव खोटा नव्हता. आजारी लेंकराच्या उशाशीं बसलेल्या आईस केशाकर्षणाचा नियम सुचत नाहीं. तिच्या श्रद्धेची थट्टा होतांना ज्यांना वेदना झाली त्यांची वेदनाहि खरी होती. परंतु वेदना खरी असली म्हणजे प्रत्येक उत्तर योग्य ठरतें, असें नव्हे. त्या गृहस्थांचें एक म्हणणें भिंतीविषयीं होतें. तें खरें असेल तर त्याबद्दल त्यांचे आभार मानावयास हवे होते. कारण सांडपाणी तीर्थ म्हणून भक्तांच्या हातीं जाण्यापासून त्यांनीं वांचविलें. स्वतः मुंबई धर्मप्रांतानें त्या पाण्यास चमत्कार म्हणून मान्यता दिलेली नव्हती. मग भांडण होतें कशाचें? दुसरें म्हणणें धर्माधिकाऱ्यांविषयीं होतें. तें अन्यायाचें होतें असें वाटत असेल, तर पुराव्यानें खोडून काढतां आलें असतें. दोन्ही वाटा सोडून तिसरी धरली, आणि फळ काय मिळालें? जगानें एवढेंच लक्षांत ठेविलें कीं, मुंबईंत एका मनुष्यानें तुंबलेली मोरी दाखविली आणि ख्रिस्ती लोक त्याच्यावर फिर्यादी घेऊन धांवले. शंभर टीकाकारांस जें साधलें नसतें तें या फिर्यादींनीं साधलें.

व्यवहाराच्या दृष्टीनेंहि पाहा. याच कलमाखालीं आपल्या देशांत ख्रिस्ती धर्मोपदेशकांवरहि तक्रारी झाल्या आहेत. संख्येनें थोड्या असलेल्या समाजानें दुसऱ्याच्या तोंडास कुलूप घालण्याची किल्ली घडवूं नये. ती उद्यां कोणाच्या हातीं असेल हें सांगतां येत नाहीं.

महाराष्ट्रास हा धडा नवा नाहीं. १८८८ सालीं 'सुधारक' पत्र काढणारे गोपाळ गणेश आगरकर यांना जिवंतपणीं स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. ती काढणारांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. आगरकरांचें नांव मात्र शाळेंतील मूलहि जाणतें. इर्ल्याच्या प्रसंगास दीड वर्षहि झालें नव्हतें, तोंच २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉक्टर नरेंद्र दाभोळकर यांचा सकाळच्या प्रहरीं गोळ्या घालून खून झाला. १९८९ सालीं त्यांनीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिति स्थापिली होती. आपला विरोध देवाधर्मास नसून त्यांच्या नांवानें होणाऱ्या शोषणास आहे, असें ते वारंवार सांगत. पोलिसांतील तक्रार आणि पिस्तुलाची गोळी यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, हें मी पूर्णपणें जाणतों. तरी दोहोंच्या मुळाशीं एकच समजूत दडलेली असते, ती ही कीं, टीकाकार गप्प झाला म्हणजे त्यास उत्तर मिळालें. ही समजूत ख्रिस्ती मनुष्यानें मनांत क्षणभरहि ठेवूं नये. कारण आपला धर्म एका अशा पुरुषापासून निघाला, ज्यास गप्प करण्यासाठीं क्रूसावर चढविलें, आणि जो गप्प झाला नाहीं.

मग करावें काय? मी तीन गोष्टी सुचवितों.

पहिली गोष्ट: टीकेंत जें खरें असेल तें आधीं मान्य करावें. सत्य परमेश्वराचें आहे. म्हणून तें कोणाच्याहि मुखांतून आलें तरी परकें नव्हे. गोव्यांत १५६० सालीं धर्मन्यायालय स्थापन झालें व मध्यंतरींचीं थोडीं वर्षें सोडतां तें १८१२ पर्यंत चाललें, हें कोणी आपणांस ऐकविलें तर 'हें शत्रूंनीं रचलेलें आहे' असें म्हणूं नये. बालकांवर कांहीं धर्मगुरूंनीं केलेले अत्याचार आणि कांहीं वरिष्ठांनीं त्यांवर घातलेलें पांघरूण, हा विषय निघाला तर मान खालीं घालावी, विषय बदलूं नये. १२ मार्च २००० रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं रोमच्या संत पेत्राच्या मंदिरांत ख्रिस्तसभेच्या लेंकरांच्या पापांबद्दल परमेश्वरापाशीं उघड क्षमायाचना केली. त्यानें ख्रिस्तसभा लहान झाली नाहीं. त्याहि आधीं, १९६५ सालीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें आधुनिक जगाविषयींच्या आपल्या लेखांत असें नमूद केलें कीं, निरीश्वरवादाच्या उत्पत्तींत श्रद्धावंतांच्या सदोष शिकवणुकीचा व सदोष आचरणाचाहि वांटा असूं शकतो. कोणी देव नाहीं असें म्हणूं लागला, तर त्यानें देवाऐवजीं आपणांसच पाहिलें असेल काय, हा प्रश्न आधीं स्वतःस विचारावा.

दुसरी गोष्ट: जें खोटें असेल तें शांतपणें, पुराव्यानें खोडावें, आणि त्यासाठीं अभ्यास करावा. ख्रिस्तसभा विज्ञानाची वैरीण आहे असें कोणी म्हणाला, तर गॅलिलिओवर १६३३ सालीं झालेला अन्याय नाकारूं नये. परंतु विश्व प्रसरण पावत आहे हा सिद्धान्त १९२७ सालीं मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जममधील कॅथलिक धर्मगुरु होते, हेंहि सांगावें. ख्रिस्तसभा चमत्कार पिकविते असें कोणी म्हणाला, तर त्यास लूर्दची हकीकत सांगावी. तेथें १८८३ पासून वैद्यांचें तपासणी मंडळ आहे. श्रद्धा नसलेल्या वैद्यासहि तेथें रोग्याचे कागद तपासतां येतात. सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. त्यांपैकीं चमत्कार म्हणून मान्य झाले ते सत्तरांच्या आसपास. म्हणजे इर्ल्यास त्या बुद्धिवादी गृहस्थांनीं जें केलें, नैसर्गिक कारण आधीं शोधलें, तेंच ख्रिस्तसभा अधिक कसोशीनें करीत आली आहे.

याहून बोलकें उदाहरण मदर तेरेसांचें. क्रिस्टोफर हिचेन्स या इंग्रज निरीश्वरवादी लेखकानें १९९५ सालीं त्यांच्यावर एक जहाल टीकात्मक पुस्तक लिहिलें. पुढें १९ ऑक्टोबर २००३ रोजीं मदर तेरेसांस धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें; त्यापूर्वींच्या चौकशींत विरुद्ध साक्ष देण्यासाठीं ख्रिस्तसभेनें स्वतः होऊन याच हिचेन्स यांस पाचारण केलें, आणि त्यांची जबानी नोंदवून घेतली. जिला आपण संत मानूं इच्छितों तिच्याविरुद्ध बोलणारास खुर्ची देऊन ऐकून घेणें, ही ख्रिस्तसभेची चाल आहे. रोमनें जी खुर्ची दिली ती आपण आपल्या दिवाणखान्यांत कां देऊं नये?

तिसरी गोष्ट अपमानाची. टीका निराळी, अपमान निराळा. आणि कोणी खरोखरीच अपमान केला तर काय, असें आपण विचाराल. प्रभु येशु महायाजकापुढें उभा असतांना एका शिपायानें त्याच्या तोंडांत मारिली. प्रभूनें उलट हात उगारला नाहीं. आणि तो नुसता मुकाहि राहिला नाहीं. मी वाईट बोललों असेन तर तें दाखवून दे, नाहीं तर मारतोस कां, अशा अर्थाचा प्रश्न त्यानें केला. बंधूंनो, सौम्यता म्हणजे भित्रेपणा नव्हे, हें या एका प्रश्नांत दिसतें. ज्यानें मारिलें त्यासहि प्रभूनें विचार करूं शकणारा मनुष्य म्हणून वागविलें. शोमरोनी गांवानें आश्रय नाकारला तेव्हां आकाशांतून अग्नि पाडावा असें याकोब व योहान यांस वाटलें. प्रभूनें त्यांस धमकाविलें. पेत्रानें तरवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान कापला. प्रभूनें तो बरा केला. आपण आपल्या धर्माचे कैवारी म्हणून जे कान कापतों, ते बरे करण्याचें काम प्रभूवर टाकतों.

मात्र या तिन्ही गोष्टी जेथें उपयोगी पडत नाहींत असा एक निरीश्वरवादी आहे, आणि तो फार भेटतो. त्याचा वाद ग्रंथांतून आलेला नसतो. त्याचें मूल गेलेलें असतें, किंवा त्याच्या आईनें असह्य यातना सोसून प्राण सोडलेला असतो. संत थॉमस यांनीं मांडलेली पहिली हरकत त्यानें पुस्तकांत वाचलेली नसते. ती त्याच्या घरीं घडलेली असते. अशास सिद्धान्त सांगूं नये. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, तें त्यांनीं केलेलें उत्तम काम. पुढें ते देवाची बाजू मांडूं लागले, आणि शेवटीं देवानें कोप केला तो त्यांच्यावर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. 'मला उत्तर ठाऊक नाहीं, पण मी तुझ्याजवळ बसतों' हेंहि ख्रिस्ती उत्तर आहे, आणि कित्येकदां तेंच एक खरें असतें.

आतां घरांतल्या गोष्टीकडे येतों. वयांत आलेला मुलगा किंवा मुलगी एके दिवशीं म्हणते, 'मला हें पटत नाहीं. मी रविवारीं मिस्साला येणार नाहीं.' त्या घरीं काय होतें तें आपणांस ठाऊक आहे: आई रडते, बाप ओरडतो, आजी म्हणते कीं शिक्षणानें पोर बिघडलें. अशा घरानें संत मोनिकेचें चरित्र ध्यानांत आणावें. तिचा मुलगा ऑगस्टिन श्रद्धेपासून दूर गेला, तेव्हां प्रथम तिनें त्यास आपल्या घरीं राहूं देण्याचें व आपल्या पंक्तीस बसविण्याचें नाकारलें. पुढें एका स्वप्नानें तिचें मन पालटलें आणि तिनें त्यास पुन्हां पंक्तीस घेतलें. त्याच्याशीं वाद घालावा म्हणून तिनें एका बिशपांस गळ घातली. त्यांनीं ती मानली नाहीं. त्यास सध्यां असूं द्यावें, त्याच्यासाठीं प्रार्थना करावी, वाचतां वाचतां तो स्वतःच आपली चूक शोधील, असा सल्ला त्यांनीं दिला. ३८७ सालच्या ईस्टरला मिलान नगरींत ऑगस्टिननें बाप्तिस्मा घेतला. प्रत्येक मोनिकेस असा ईस्टर या जन्मीं दिसेलच, असें वचन मी देऊं शकत नाहीं. परंतु ताट वाढणें आपल्या हातीं आहे. जें मूल आपल्याशीं मतभेद ठेवून आपल्या पंक्तीस जेवूं शकतें, त्याच्यासाठीं परतीची वाट उघडी राहते. ज्याचें ताट काढून घेतलें, त्याची वाट आपणच बुजविली.

शेवटीं या धर्मग्रामापुढें एक सूचना ठेवतों. मार्च २०११ मध्यें पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या प्रेरणेनें पॅरिस येथें श्रद्धावंत व अश्रद्ध यांच्या संवादाची सभा भरली. सप्टेंबर २०१३ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं युजेनिओ स्काल्फारी या निरीश्वरवादी संपादकाच्या प्रश्नांस स्वतः पत्र लिहून उत्तर दिलें, आणि तें त्याच्याच वृत्तपत्रांत छापून आलें. मोठ्यांनीं घालून दिलेली ही वाट आपल्या आवांक्याबाहेरची नाहीं. वर्षांतून एक संध्याकाळ आपल्या सभागृहांत एखाद्या बुद्धिवादी शेजाऱ्यास बोलवावें, त्याचें म्हणणें मध्यें न तोडतां ऐकावें, प्रश्न विचारावे, आणि शेवटीं सर्वांनीं मिळून चहा घ्यावा. आणि पावसाळ्यांत कधीं आपल्याहि मंदिराच्या भिंतींतून पाणी झिरपलें, तर मेणबत्त्या आणण्यापूर्वीं प्लंबरास बोलवावें. त्यानें देवाचा मान कमी होत नाहीं. भिंतीचा नियमहि त्यानेंच केला आहे.

पंचवीस वर्षांपूर्वीं येथें प्रार्थनेस जमणारे लोक थोडे होते. आज हें मंदिर भरलें आहे. आणखी पंचवीस वर्षांनीं जे येथें जमतील त्यांनीं आपल्याविषयीं काय म्हणावें? माझी इच्छा एवढीच आहे कीं, ज्यानें देव मानला नाहीं अशा एखाद्या शेजाऱ्यानेंहि त्या दिवशीं म्हणावें: यांचें सारेंच मला पटलें नाहीं, पण यांच्या दारीं मला कधीं अपमान मिळाला नाहीं, आणि माझें खरें म्हणणें यांनीं कधीं खोटें म्हटलें नाहीं.

ज्या प्रभूनें संशयी थोमासापुढें आपले घायाळ हात धरले व त्यास दूर लोटलें नाहीं, तो आपणां सर्वांस सत्याचें प्रेम आणि जिभेची सौम्यता देवो. आमेन.